घोंगडीखालचा लॅपटॉप

गेल्या एप्रिलमध्ये आटपाडी तालुक्यातल्या आत्याच्या गावी, तिच्या अंगणात, सकाळी साडेअकराच्या उन्हात मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि त्या लॅपटॉपमध्ये मला काहीही दिसत नव्हते. आत्याच्या नातीचा साखरपुडा आदल्या दिवशी झाला होता. मंडपाचे कापड उतरवून झाले होते, खुर्च्यांच्या थप्प्या टेम्पोची वाट पाहत होत्या, आणि मला दुपारी एकच्या आत एका पुस्तकाची शेवटची मुद्रिते (प्रुफे) तपासून छापखान्याकडे पाठवायची होती. घरातली लाईट सकाळीच गेली होती. मोबाइलची रेंज घरात येत नव्हती. ती अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, दावणीच्या दगडाजवळ, दोन-अडीच हात जागेत तेवढी येत होती, आणि त्या जागेवर झाड नव्हते, छप्पर नव्हते, मंडपही आता उरला नव्हता. पडद्याचा उजेड मी शेवटच्या खुणेपर्यंत वाढवला. लॅपटॉप उजवीकडे वळवला, डावीकडे वळवला, झाकण पुढे ओढले, मागे रेलले. प्रत्येक वळणाबरोबर पडद्यावर काही ना काही उमटत होते, पण ते पुस्तकाचे पान नव्हते. लिंबाचा शेंडा, पत्र्याची कड, आभाळाचा एक पांढुरका चौकोन, आणि मधोमध माझा कालच्या समारंभातला पांढरा सदरा. आत्या ओट्यावर सुपात ज्वारी घोळत बसली होती. ती उठली, माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली, बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, “आरं, ह्यात वाचायचं काय? मला तर ह्यात निस्ता तूच दिसतूयास.”

मी काही बोलायच्या आत ती घरात गेली, दांडीवरची काळी घोंगडी घेऊन आली आणि लहानपणी सर्दी झाली की वाफारा देताना टाकायची तशी ती तिने माझ्या डोक्यावरून, लॅपटॉपसकट, टाकली. आत एकदम रात्र झाली. लोकरीचा, चुलीच्या धुराचा आणि वर्षानुवर्षे न धुतलेल्या मेंढीचा वास नाकात भरला, मान आणि पाठ खाजू लागली, आणि समोर पडदा असा लखलखला की डोळे दिपून मला त्याचा उजेड निम्म्याहून कमी करावा लागला. अक्षरे परत आली. अक्षरांवरचे अनुस्वार परत आले. मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला त्या टिंबाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. उन्हात सर्वांत आधी तेच नाहीसे झाले होते, त्यामागोमाग वेलांट्यांच्या बारीक कमानी, आणि मग ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक करणारी शिरोरेषेची ती एवढीशी तुटलेली कड. घामाचे थेंब कळफलकावर पडू नयेत म्हणून मी गळ्यात टॉवेल गुंडाळला आणि वाचत राहिलो. बाहेर पोरे हसत होती. टेम्पोवाला आला तेव्हा त्याने दबक्या आवाजात विचारलेले मला ऐकू आले, की कुणी आजारी आहे का. एकला दहा मिनिटे असताना मुद्रिते गेली. फोन त्या दगडावर ठेवून, त्याचा हॉटस्पॉट सुरू करून, मला सरळ ओट्याच्या सावलीत बसता आले असते, हे मला जेवायला बसल्यावर सुचले.

आत्याचे ते वाक्य मात्र पुण्याला येईपर्यंत मागे लागून आले.

तिने काही थट्टा केली नव्हती. तिला जे दिसले ते तिने सांगितले होते, आणि ते अगदी नेमके होते. काचेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर समोरून पडलेल्या उजेडातला सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. चार टक्के म्हणजे काहीच नव्हे असे वाटते, आणि घरात ते काहीच नसतेही. माझ्या पुण्याच्या टेबलावर रात्री फोनमधल्या उजेडमापकाने चारशे लक्स दाखवले; उन्हाळ्यातल्या भर उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे अंगणात बसलेला माणूस आपल्या टेबलापेक्षा अडीचशे पट उजेडात बसलेला असतो, आणि डोळ्याची बाहुली बारीक होऊन त्याला हे फारसे कळूही देत नाही. माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर बारीक अक्षरांत अडीचशे निट असे छापलेले आहे. निट हे पडद्याच्या तेजाचे माप. उन्हात आडवा ठेवलेला साधा पांढरा कागद त्याच मापाने मोजला तर पंचवीस हजारांच्या आसपास जातो. माझा सदरा उभा होता, ऊन त्याच्यावर तिरपे पडत होते, म्हणून त्याचे आपण दहा हजार धरू. त्याचे चार टक्के म्हणजे चारशे. माझ्या पडद्याचा पांढऱ्यातला पांढरा ठिपका अडीचशे, आणि त्यावर पडलेले माझ्या सदऱ्याचे प्रतिबिंब चारशे. आत्याला मीच दिसत होतो, कारण त्या पडद्यावर माझ्या पुस्तकापेक्षा मी अधिक उजळ होतो.

इथपर्यंतचे गणित मांडले तेव्हा मला वाटले की उपाय उघड आहे: पडद्याचे तेज वाढवावे. पण पुढचा हिशेब केला आणि माझे इतक्या वर्षांचे एक अज्ञान हातात आले. खोलीत माझ्या पडद्याचा पांढरा भाग त्याच्या काळ्या भागापेक्षा हजार पट उजळ असतो. अंगणात त्या दोघांवरही सदऱ्याचे चारशे येऊन बसतात: पांढरा होतो साडेसहाशे, आणि जवळपास शून्यावर असलेला काळा होतो चारशे. हजार पटींचे अंतर दीड-पावणेदोन पटींवर येते. म्हणजे उन्हात पडद्याचा पांढरा मंद होत नाही, उलट वाढतोच. जातो तो काळा. आणि लॅपटॉपला काळा रंग तयार करता येत नाही. तो फक्त त्या ठिकाणी उजेड सोडायचे थांबवू शकतो, आणि बाहेरून आलेला उजेड ती मोकळी जागा लगेच भरून टाकतो. छापील पानाचे तसे नसते. पानावर शाई असते, शाई उजेड गिळते, आणि कंदिलात असो की माणदेशच्या बारा वाजताच्या उन्हात असो, कागदाच्या आणि शाईच्या उजेडाचे आपसातले प्रमाण बदलत नाही, कारण दोघेही एकाच दिव्याचे मिंधे असतात. पडदा स्वतःचा दिवा घेऊन येतो आणि सूर्यासमोर तो मिरवतो. घोंगडीने माझ्या पडद्याला तेज दिले नव्हते. तिने त्याला काळा रंग परत दिला होता.

वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते आणि त्यांची अडचण याच्या अगदी उलटी होती. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत ते मला कधी कधी मोजणीला सोबत नेत. बांधावर तिवई उभी राही, तिच्यावर प्लेन टेबलाचा फळा, फळ्यावर ताणून चिकटवलेला पांढरा कागद, आणि कागदावर कडक शिशाच्या पेन्सिलीने ओढलेल्या केसासारख्या रेषा. शेताचे सगळे तंटे, भावाभावांचे हिस्से, पुढे सरकलेले बांध, त्या रेषांच्या जाडीत मावत असत. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, हे मला शाळेच्या आधी त्या फळ्याजवळ कळले. वडील सारखे एकच तक्रार करत: “कागद डोळ्यावर येतो.” पंचवीस हजार निट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण दिवसभर तशा कागदाकडे पाहून संध्याकाळी त्यांचे डोळे लालभडक होत आणि घरी आल्यावर आई त्यांच्या पापण्यांवर दुधाच्या साईच्या घड्या ठेवी. म्हणून गावचा कोतवाल त्यांच्या मागे मोठी काळी छत्री धरून उभा राही. छत्री वडिलांसाठी आहे असे मला वाटे, आणि ती त्यांच्या डोक्यावर नीट का धरत नाहीत याचा रागही येई. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की छत्री कागदावर धरलेली असे. वडील स्वतः उन्हातच असत. कोतवालाचा हात थोडा सैलावला आणि उन्हाची एक पट्टी फळ्यावर आली, की वडील मान वर न करता नुसता डावा हात हलवत आणि छत्री मुकाट्याने जागेवर येई. त्यांचा कागद उन्हात फार उजळ होत होता, माझा पडदा पुरेसा काळा राहत नव्हता, आणि तरी दोघांना लागत होती ती एकच वस्तू. हे मला त्यांना सांगता आले असते तर ते हसले असते की नाही, हे मला खरोखर ठरवता येत नाही. त्यांना माझ्या बसून करायच्या कामाविषयी थोडी अढी होती. शेतात उभे राहून जे वाचता येत नाही त्याला ते कागदपत्र मानत नसत.

पुण्यात मी मे महिन्याचे पहिले दोन आठवडे आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्रयोग करण्यात घालवले. त्यांत अभ्यासू वृत्ती कमी आणि हट्ट जास्त होता. सर्वांत आधी सदरा बदलला: गडद निळा, जवळजवळ काळा टी-शर्ट घातला, आणि एवढ्यानेच पडद्यावरचे निम्मे धुके गेले, तेव्हा मला इतके बरे वाटले की मी खाली जाऊन घरात ते दोनदा सांगितले. मग सूर्याकडे तोंड करून बसावे की पाठ, हा घोळ सुरू झाला. पाठ केली तर ऊन थेट पडद्यावर येते, काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे चांदण्यांसारखे पेटतात आणि सूर्य स्वतः कानाजवळ प्रतिबिंबात येऊन बसतो. तोंड केले तर लॅपटॉपचे झाकणच पडद्यावर सावली धरते, पण आपली छाती उन्हात येते आणि डोळ्यांत आभाळ भरते. या दोन्हींत दुसरे बरे, मात्र काळ्या कपड्यांनिशी. आणि काळे कपडे घालून मे महिन्यात सूर्याकडे तोंड करून बसणे किती वेळ जमते, ते ज्याने त्याने पाहावे. पडद्यावर लावायचा खरबरीत पापुद्रा आणून लावला. त्याने माझा चेहरा, टाकी, शेजारची इमारत ही सगळी प्रतिबिंबे पुसली, पण पुसली म्हणजे उजेड नाहीसा केला नव्हे. आरशासारखा परतणारा उजेड त्याने दुधासारखा सगळीकडे पसरवला. मळभ असताना त्याचा उपयोग होतो, कडक उन्हात पडद्यावर ताक सांडल्यासारखे दिसते. खरा उपाय म्हणजे चष्म्याच्या भिंगावर असते तसले परावर्तनरोधी लेपन. जर्मनीतल्या येना येथील त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ते १९३५ मध्ये शोधले. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतील इतकी त्याची जाडी नेमकी असते, आणि चार टक्के एकाच्या खाली येतात. भिंग कलते धरले की दिसणारी जांभळट-हिरवी झाक ती त्याचीच. माझ्या पडद्यावर तसा लेप नाही. लॅपटॉप घेताना दुकानात चार पडदे ओळीने लावलेले होते, त्यांतल्या चकचकीत पडद्यावरचे रंग सर्वांत खोल वाटले, आणि मी तोच उचलला. दुकानाला खिडकी नव्हती.

आणखी एक सवय मोडावी लागली. डोळ्यांना बरे म्हणून मी कित्येक वर्षे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवून काम करतो, आणि उन्हात याहून वाईट काही नाही. सगळा पडदाच काळा, म्हणजे सगळा पडदाच आरसा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, जाड, दीडपट मोठी अक्षरे घेतली की प्रतिबिंब त्या पांढऱ्यात थोडेफार बुडते. देवनागरीच्या बाबतीत अक्षर नुसते मोठे करून भागत नाही, त्याची रेघ जाड असावी लागते, नाही तर उकार, अनुस्वार आणि रफार ही सगळी लहान मंडळी आधी जातात. गॉगल लावून पाहिला. तो ध्रुवीकरण करणाऱ्या, म्हणजे उजेडाच्या एकाच दिशेच्या लाटा आत सोडणाऱ्या काचांचा निघाला, आणि मान थोडी तिरकी केल्याबरोबर पडदा ठार काळा झाला. माझ्या पोटात गोळा आला, लॅपटॉप गेला असेच वाटले. मान सरळ केली, पडदा परत. पडद्यात एकमेकांवर दोन ध्रुवीकारक पापुद्रे असतात आणि मधले द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) वळून किंवा न वळून उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. माझा गॉगल हा तिसरा पापुद्रा झाला होता आणि त्याने सगळीच वाट अडवली होती. हे द्रवस्फटिक १८८८ मध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना दिसले. त्याचे एक संयुग १४५.५ अंशांना वितळून गढूळ होत होते आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा, जणू दुसऱ्यांदा वितळून, स्वच्छ. त्या मधल्या गढूळ अवस्थेवर आपले बहुतेक पडदे उभे आहेत. पडद्यातल्या मिश्रणांचे अंश अर्थात वेगळे असतात, पण फार तापले की तीही आपली शिस्त सोडतात आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. लॅपटॉपच्या सोबतच्या पुस्तिकेत भोवतालचे तापमान पस्तीस अंशांच्या वर नसावे असे लिहिलेले असते, आणि आटपाडीच्या एप्रिलला ती पुस्तिका कुणी वाचून दाखवलेली नाही. पडद्याचा उजेड शेवटच्या खुणेवर, पंखा घरघरतो आहे, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते आहे: उजेडाच्या जोरावर सूर्याशी भांडायचे तर असे भांडावे लागते. आता पाचशे-सहाशे निटचे पडदे मिळतात आणि त्याहून वरचेही. सावलीत ते चांगलेच चालतील. भर उन्हात तिथेही सदरा काळाच घालावा लागेल.

न भांडणारा पडदा एकदा होऊन गेला, आणि तो आपल्याकडे येऊनही गेला, याची मला या सगळ्यात फार चुटपुट लागली. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा तो हिरवा-पांढरा, कानांसारख्या दोन अँटेनांचा लहान लॅपटॉप पुष्कळांना चित्रात तरी आठवत असेल. मेरी लू जेप्सन यांनी त्याचा साडेसात इंचांचा पडदा असा रचला होता, की घरात मागचा दिवा लावला की तो रंगीत दिसे, आणि उन्हात नेऊन दिवा पार विझवला तरी काळ्या-पांढऱ्यात, उलट अधिक रेखीव, वाचता येई. आत शिरलेला सूर्यप्रकाशच आतल्या परावर्तक थरावरून परत फिरून पानाला उजळत असे, म्हणजे ऊन जितके कडक तितके अक्षर स्पष्ट, जवळपास कागदच. २००७ मध्ये भारतात तो पहिल्यांदा वापरून पाहिला गेला तो रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेत. तो प्रकल्प पुढे का मावळला याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीच पडद्याशी संबंधित नाहीत. पण तो पडदा त्याच्याबरोबर बुडावा याचे मला खरेच वाईट वाटते. माझा अंदाज असा, की तसला पडदा दुकानात, ट्यूबलाईटखाली, शेजारच्या चकचकीत पडद्यापुढे फिका दिसतो, आणि लॅपटॉप विकत घेण्याचा क्षण नेहमी दुकानात येतो, अंगणात कधीच येत नाही. मीही त्या दिवशी फिका पडदा उचलला नसता. ई-कागदाची वाचनयंत्रे या बाबतीत कागदाच्या वंशातली आहेत. त्यांच्या सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण वरखाली होतात आणि बाहेरच्याच उजेडात वाचले जातात. त्यांतले एक माझ्याकडे आहेही. पण त्याच्यावर मुद्रिते तपासायची म्हणजे एक पान वर सरकवायला जो वेळ लागतो, त्यात माझा आधीच्या ओळीतला संशय विरून जातो.

शेवटी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून, आतून काळा कार्डशीट चिकटवून मी लॅपटॉपला एक बोगदा केला. तो उत्तम चालला. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या शेजारणीने तो पाहिला, मला पाहिले, आणि काही न विचारता चिमटे लावून ती खाली गेली. त्या पुठ्ठ्याच्या पोटात तोंड घालून बसलो असताना मला जाणवले की मी गच्चीवर नाहीच. वारा अंगाला लागतो आहे, पारव्यांचा आवाज येतो आहे, पण डोळ्यांपुरता मी एका खोलीत बसलो आहे आणि ती खोली मी स्वतः कात्रीने कापून वर आणली आहे. घोंगडीखालीही तेच झाले होते. साखरपुड्याचे पाहुणे निघताना माझ्या पाठीवर, म्हणजे घोंगडीवर, हात ठेवून “येतो” म्हणत होते आणि मी आतून “हो, हो” करत होतो; कोण कोण गेले ते मला नीटसे माहीत नाही. त्यांच्यातले एक थोरले काका आता फार फिरत नाहीत. त्या पाठीवर पडलेल्या हातांतला त्यांचा कोणता होता, हे मी नंतर आठवून पाहिले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पत्रिका वाटायच्या गडबडीसाठी मी पुन्हा आत्याकडे गेलो. सोबत मुद्रिते होतीच. ती नसतात असा महिना नाही. या वेळी पुठ्ठा नेला नव्हता. फोन दावणीच्या दगडाजवळ, ऊन लागू नये म्हणून पालथ्या घमेल्याच्या आडोशाला ठेवला, आणि लॅपटॉप घेऊन घराच्या दाराशी आलो. दार पूर्वेचे आहे. पुढे ओटा, ओट्यावर पत्र्याची पडवी, आणि मागे माजघर, ज्याला खिडकी म्हणून एक वीतभर झरोका. गच्चीवरच्या पंधरा दिवसांत एवढे कळले होते की पडद्यात दिसते ते आपल्या पाठीमागचे, तेव्हा पाठीमागे काय असावे ते आधी ठरवावे. माजघराकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड करून मी उंबऱ्यावर टेकलो. पडद्याची पाठ अंगणाला, तोंड त्या धुरकट अंधाराला. पडद्यात माझ्या मागे उतरंड, कणगी, कोनाडा असे सगळे असणार, पण त्यातले काहीही उमटले नाही. उमटायला त्यावर उजेडच नव्हता. पडद्याचा काळा काळा राहिला. उजेडाची खूण मी अर्ध्यावर आणली आणि पान असे स्वच्छ दिसू लागले की पहिल्याच ओळीतला सुटलेला रफार मला बोटाने टोचल्यासारखा दिसला. झाकणाच्या वरून अंगण मात्र डोळ्यावर येत होते, म्हणून दाराची एक फळी निम्मी लोटली. तेवढ्यात आत्या चुलीकडून बाहेर आली.

“उंबऱ्यावर नगं बसू,” ती म्हणाली. “आत सरक.”

उंबऱ्यावर बसू नये याचे कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. हिरण्यकशिपूची गोष्ट आम्हा सगळ्या भावंडांना तिच्याच तोंडून ठाऊक आहे. मी हातभर आत सरकलो. पडदा आणखी किंचित काळा झाला.

तिच्या हातात पत्रिका होती, त्याच सकाळी तालुक्याच्या छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातली पहिली. हल्ली सगळीकडे असते तशी ती गडद लाल, तुळतुळीत, आणि वर सोनेरी पत्र्याची उठावदार अक्षरे. आत्या चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि वाचायचे काही आले की ते ती उन्हात नेऊन वाचते. औषधाची चिठ्ठी, रेशनची पावती, देवस्थानाचे पत्रक, सगळे अंगणाच्या मधोमध उभे राहून, हात लांब करून, एकेक अक्षर लावत. आजही ती तशीच ओटा उतरून उन्हात गेली. पत्रिका तिने उघडली, डोळ्यांपुढे धरली आणि चटकन मान मागे घेतली. ती थोडी उजवीकडे वळवली, मग डावीकडे, मग वर उचलून आडवी धरली. मी झाकणाच्या वरून पाहत होतो. सोनेरी अक्षरे एकदा पेटत होती आणि दुसऱ्या क्षणी लालात बुडून जात होती, आणि प्रत्येक वळणाबरोबर तिच्या नऊवारीच्या काठावर, हनुवटीवर, मग पडवीच्या पत्र्यावर एक लहानसा सोनेरी कवडसा पळत होता. दोन-तीन वेळा तसे करून पाहिल्यावर ती परत आली.

“ही बी तुझ्या मशिनीसारखीच निघाली,” ती म्हणाली. “सरक जरा.”

मी लॅपटॉप मांडीवरून पलीकडे घेतला आणि ती माझ्या शेजारी, माजघराकडे पाठ करून बसली. चष्मा पदराने पुसला. पत्रिका तिने दाराच्या उजेडाकडे किंचित कलती धरली आणि सोन्याची चमक जाऊन अक्षरे अक्षरांसारखी दिसू लागली. आमच्या दोघांच्या नजरा मग एकाच वेळी खाली, आपापल्या पानावर गेल्या. माझे व्यवसायाचे डोळे तिच्या पत्रिकेकडे वळत होते, पण मी ते आवरले. चुका असल्याच तर पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. तिला लग्नाची तारीख, मुहूर्त, कार्यालय यांत रस नव्हता, ते तिला पाठच होते. तिचे बोट वरून खाली सरकत मुलीच्या नावापाशी आले, तिथून वळून खालच्या, सर्वांत बारीक अक्षरांच्या ओळीवर गेले, जिथे मुलगी कोणाची नात ते छापलेले असते. ‘कै.’ वर बोट थांबले. मग पुढच्या प्रत्येक अक्षराखालून ते हळूहळू, जणू अक्षर उमटतेय का ते चाचपत, ओळीच्या शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा आरंभाशी आले.

“हितं हायती बघ,” ती म्हणाली.